सीपीआर चालू असताना नातेवाईकांना जवळ थांबू देणं: कॅज्युअल्टी आणि आयसीयूसाठी टप्प्याटप्प्याने

सीपीआर (थांबलेलं हृदय छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न) सुरू झाला की ‘आधी नातेवाईकांना बाहेर काढा’ हा आवाज आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. हे बदलावं असं काही विभागांना वाटतं, प्रयत्नही होतात, आणि ते ठरावीक जागी फसतात. कुठे प्रशासन परिपत्रक काढतं, पण रात्रपाळीच्या सिक्युरिटी गार्डला त्याची खबरच नसते. कुठे ‘नातेवाईकांना आत घ्यावं का?’ असा एकच प्रश्न स्टाफमध्ये फिरवला जातो, बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात आणि विषय मिटतो. कुठे पडदा नुसता उघडा राहतो. मुलगा आत येतो, आईच्या छातीवर कोणीतरी जोरात दाबतंय, तोंडातून फेस येतोय, आणि त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नाही. मग तो ओरडतो, भांडण होतं, आणि स्टाफ म्हणतो, ‘बघा, आम्ही सांगतच होतो.’

हा लेख इन्चार्ज सिस्टर, कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, निवासी डॉक्टर आणि क्वालिटी सेलच्या लोकांसाठी आहे. क्रम असा: आधी स्टाफच्या मनात काय आहे ते समजून घ्या, मग नातेवाईकांसोबत थांबणारा माणूस तयार करा, मग तालीम घ्या, आणि सगळ्यात शेवटी दार उघडा. यातला दुसरा भाग गाळून शेवटचा केला तर नातेवाईकांना बाहेर ठेवलेलं बरं.

## टप्पा १: स्टाफला काय वाटतं ते नीट मोजा

१.१ कोणाला विचारायचं. डॉक्टर आणि नर्सेस यांच्यावर बहुतेक सर्वेक्षणं थांबतात. दार मात्र सिक्युरिटी गार्डच्या हातात असतं, पडदा वॉर्डबॉय किंवा मावशी ओढतात, आणि मृत्यूनंतर नातेवाईकांशी जास्त वेळ त्यांचाच संबंध येतो. त्यांनाही विचारा. त्यांच्यासाठी प्रश्न बोली मराठीत, गरज असेल तिथे हिंदीत करा आणि वाचून दाखवायला विभागाबाहेरचा माणूस द्या.

१.२ काय विचारायचं. मत, आत्मविश्वास आणि अनुभव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सिस्टरला तत्त्व पटलेलं असतं, पण ‘मी काय बोलू?’ या भीतीने ती नकार देते. एकाच प्रश्नात हे कळत नाही. ट्वीबेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन मापनपट्ट्यांमध्ये म्हणूनच फायदा-धोक्याबद्दलचे २२ प्रश्न वेगळे आहेत आणि आत्मविश्वासाबद्दलचे १७ वेगळे. त्या वापरायच्या असतील तर मूळ लेखकांची परवानगी घ्या. मराठी भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत आणावं, आणि फरक पडला तिथे वाक्य बदलावं. मग १०–१५ जणांवर चाचणी घ्या.

विभागापुरतं स्वतःचं पत्रक करायचं असेल तर १ ते ५ अशी पट्टी ठेवा आणि विधानं अशी लिहा:

- सोबत बोलायला वेगळा माणूस असेल, तर एका नातेवाईकाने सीपीआरच्या वेळी जवळ थांबायला माझी हरकत नाही.
- असा वेगळा माणूस नसेल, तरीही माझी हरकत नाही.
- रुग्ण लहान मूल असेल तर आई किंवा वडिलांनी जवळ थांबावं.
- नातेवाईक बघत असताना मी माझं काम नेहमीसारखं करू शकेन.
- काय चाललंय ते सोप्या शब्दांत सांगायला मला जमेल.
- मला मारहाणीची भीती वाटते.
- माझा स्वतःचा माणूस असता तर मला आत थांबायचं असतं.

शेवटचं विधान शेवटीच ठेवा. ते वर आलं की खालची सगळी उत्तरं त्याच्याकडे झुकतात. पहिल्या दोन विधानांच्या उत्तरांतलं अंतर मात्र बारकाईने बघा. ते अंतर मोठं असेल तर स्टाफचा विरोध नातेवाईकांना कमी आणि त्यांना एकटं आत सोडण्याला जास्त आहे. तसं असेल तर पुढचा रस्ता सोपा होतो.

१.३ निनावीपणा खरा ठेवा. १२ जणांच्या आयसीयूत वय, लिंग, पद आणि अनुभवाची वर्षं एकत्र विचारली की नाव न लिहिताही माणूस ओळखता येतो. फक्त पद आणि ‘पाच वर्षांपेक्षा कमी की जास्त’ एवढंच विचारा. पत्रकं विभागप्रमुखांनी किंवा मेट्रननी गोळा करू नयेत; बंद पेटी ठेवा. माहिती प्रबंधासाठी वापरायची किंवा प्रसिद्ध करायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता सर्वेक्षणाच्या आधी लागते. एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून हा क्रम वारंवार उलटा होतो.

१.४ उत्तरं वाचताना. सगळ्या पदांची मिळून एक सरासरी काढू नका. डॉक्टरांपेक्षा नर्सेस या गोष्टीला जास्त अनुकूल असतात, आणि ज्यांनी असा अनुभव घेतलाय किंवा प्रशिक्षण घेतलंय ते न घेतलेल्यांपेक्षा अनुकूल असतात, असं जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. सरासरीत हे बुडून जातं. चारच कन्सल्टंट असतील तर टक्केवारी न काढता ‘चारपैकी तीन’ असं लिहा.

> तपासा: तुमच्या विभागातली सगळ्यात मोठी भीती कोणती आणि ती कोणत्या पदाच्या लोकांना वाटते, हे दोन वाक्यांत सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: प्रत्येक भीतीला तिचं उत्तर

सर्वेक्षणाचे निकाल घेऊन बैठक बोलवा, सकाळपाळीची एक आणि रात्रपाळीची एक. ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ असं सांगणारं भाषण इथे चालत नाही. भीती एकेक करून घ्या.

‘कामात अडथळा येईल, पेशंटचं नुकसान होईल.’ अमेरिकेतल्या २५२ रुग्णालयांतल्या ४१,५६८ प्रौढ रुग्णांची माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नातेवाईकांना परवानगी देणारं धोरण असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत हृदय पुन्हा सुरू होण्याच्या किंवा रुग्ण जिवंत घरी जाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. हे आकडे धोरणाबद्दलचे आहेत. प्रत्येक कोडला (हृदय थांबल्यावर पथकाने धावून केलेल्या प्रत्येक सीपीआरला) नातेवाईक आत होताच असं नाही, हेही सांगा. अर्धवट सांगितलेला अभ्यास बैठकीत कोणीतरी पकडतोच.

‘त्यांच्या मनावर कायमचा आघात होईल.’ ही भीती आपुलकीतून येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यावं लागतं. फ्रान्समधल्या १५ आपत्कालीन पथकांनी ५७० नातेवाईकांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात नातेवाईकांना जवळ थांबण्याबद्दल आवर्जून विचारलं गेलं आणि पथकातला एक जण त्यांना समजावून सांगत राहिला. तिथे ७९ टक्के जण थांबले. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत होती, तिथे ४३ टक्क्यांनी सीपीआर पाहिला. ९० दिवसांनी विचारलं तेव्हा आघातोत्तर तणावाची लक्षणं दुसऱ्या गटात जास्त होती. पथकाच्या ताणात फरक पडला नव्हता आणि त्यातून कोर्टकज्जेही उभे राहिले नव्हते.

पण हे रुग्ण घरी कोसळलेले होते, आणि सोबत बोलणारा प्रशिक्षित माणूस ठरवून ठेवलेला होता. हा माणूस वगळून त्या अभ्यासाचा आधार घेता येत नाही. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१ च्या सूचनाही हेच सांगतात: सुरक्षितपणे शक्य असेल आणि पथकातला एक जण कुटुंबासाठी देता येत असेल, तर नातेवाईकांना जवळ थांबण्याची संधी द्यावी.

‘मारहाण होईल.’ या भीतीला परदेशी अभ्यासाचं उत्तर देऊ नका. ते अपुरं आहे आणि ऐकणाऱ्याला चीड येते. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तीवर हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही हल्ले होतात. इथे उत्तर व्यवस्थेचं द्यायचं: आत एकच माणूस, दाराशी गार्ड, बाहेरच्या जमावासाठी वेगळा माणूस, आणि आत न घेण्याचे लेखी निकष (टप्पा ४). शिवाय ‘आत काय करताहेत कोणास ठाऊक’ आणि ‘मेल्यावरही व्हेंटिलेटरवर ठेवलं’ हे दोन संशय बंद दारामागेच वाढतात. आत थांबलेला घरचाच माणूस बाहेर जाऊन ‘शेवटपर्यंत करत होते’ असं सांगतो, तेव्हा ते डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा जास्त पटतं.

‘कोणी बघत असलं की माझे हात थरथरतात.’ हे खरं आहे, विशेषतः नव्या रेसिडेंट्सचं. याला उपाय तालमीचा (टप्पा ५). याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट स्पष्ट बोला: जिथे सीपीआर केवळ नातेवाईकांना दाखवण्यापुरता केला जातो, तिथे त्यांना आत घेण्याचा विरोध सगळ्यात तीव्र असतो. तसं होत असेल तर आधी ती बाब सोडवा. कोणाला सीपीआर द्यायचा नाही हे वेळेआधी ठरवण्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती विभागात वाचून घ्या.

> सावध: ज्यांचा विरोध कायम आहे त्यांना नातेवाईकांसोबत थांबण्याचं काम देऊ नका. ते कोडमध्ये उत्तम काम करतील; तिथेच राहू द्या.

## टप्पा ३: सोबती नेमा

नातेवाईकांसोबत थांबणाऱ्या माणसाला या लेखात सोबती म्हणू. सगळ्या योजनेचा भार त्याच्यावर आहे.

३.१ कोण चालेल. अनुभवी स्टाफ नर्स, समाजसेवा अधीक्षक, प्रशिक्षण घेतलेला इंटर्न किंवा ज्या कन्सल्टंटचा कोडशी संबंध नाही असा डॉक्टर. सीपीआरचे टप्पे त्याला माहीत हवेत.

३.२ कोण चालणार नाही. टीम लीडर, औषधं भरणारी सिस्टर, सिक्युरिटी गार्ड, आणि बिलिंगशी संबंध असलेलं कोणीही. त्या वेळी डिपॉझिटचा एक शब्द निघाला की पुढचं सगळं वाया जातं.

३.३ ड्युटीला जोडा, व्यक्तीला नको. ड्युटी लिस्टमध्ये कोडच्या भूमिका लिहिता (छाती दाबणारा, श्वसनमार्ग, औषधं, नोंद), तिथेच ‘सोबती’ हा रकाना घाला आणि तिन्ही पाळ्यांत नाव भरा. रात्री माणसं कमी असतात हे मान्य. मग रात्रीसाठी शेजारच्या वॉर्डची सिस्टर ठरवून ठेवा. तीही नसेल तर त्या कोडला नातेवाईक आत नाहीत. त्याऐवजी दर पाच मिनिटांनी एकाने दाराशी येऊन दोन वाक्यं सांगायची. हा पर्याय कमी प्रतीचा आहे, पण सोबतीशिवाय आत सोडण्यापेक्षा चांगला.

३.४ काय शिकवायचं. दोन तासांचं प्रशिक्षण पुरतं. त्यात स्लाइड्स कमी आणि वाक्यं पाठ करणं जास्त हवं. आत नेण्याआधी सांगायच्या पाच गोष्टी सोबतीला झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या पाहिजेत:

1. छाती जोरात दाबताहेत, दर मिनिटाला शंभराच्या वर. बरगडीचा आवाज येऊ शकतो.
2. तोंडात नळी आहे. फेस, रक्त, उलटी दिसू शकते. कपडे कापलेले असतील.
3. शॉक दिला तर अंग उडतं. ते शुद्धीवर आले असा त्याचा अर्थ नाही.
4. मध्येच घुसमटल्यासारखा श्वास दिसू शकतो. तो खरा श्वास नाही.
5. मी पूर्ण वेळ तुमच्याजवळ आहे. बाहेर जावंसं वाटलं तर लगेच जाऊ, पुन्हा यावंसं वाटलं तर पुन्हा येऊ.

चौथा मुद्दा सोबती नेहमी विसरतात आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. ‘श्वास चालू होता, तरी यांनी सोडून दिलं’ ही तक्रार बहुतेकदा अशा घुसमटीच्या श्वासाची किंवा व्हेंटिलेटरने हलणाऱ्या छातीची असते.

## टप्पा ४: जागा आणि नकाराचे निकष

प्रत्येक बेडजवळ साधारण तीन बाय तीन फूट जागा शोधा, शक्यतो पायाच्या बाजूला, भिंतीला पाठ करून. डोक्याकडे श्वसनमार्ग सांभाळणारा असतो आणि दोन्ही बाजूंना छाती दाबणारे व औषधवाले. पाय मोकळे असतात, आणि नातेवाईकालाही पायाला हात लावावासा वाटतो. मागे एक स्टूल ठेवा, कारण चक्कर येते. क्रॅश कार्टच्या (तातडीची औषधं आणि साधनं ठेवलेल्या ढकलगाडीच्या) वाटेत ही जागा येत नाही ना, ते कार्ट प्रत्यक्ष ढकलून बघा. शेजारच्या पेशंटच्या बाजूचे पडदे ओढलेले हवेत. त्यांचीही खाजगी बाब असते.

आत न घेण्याचे किंवा बाहेर नेण्याचे निकष लेखी ठेवा. ऐनवेळी दाराशी वाद घालायला लागू नये म्हणून:

- दारू किंवा नशेत असणं
- स्टाफच्या अंगावर जाणं, पेशंटला कवटाळून छाती दाबण्याचं काम थांबवणं
- मोबाइलवर शूटिंग करणं (आत येण्याआधी फोन खिशात ठेवायला सांगा, काढून घेऊ नका)
- मारहाण, जळीत, विषबाधा अशा प्रकरणात संशय असलेली व्यक्ती
- रुग्णाने शुद्धीत असताना ‘त्याला जवळ नको’ असं सांगितलेलं असणं

शेवटच्या मुद्द्यासाठी आयसीयू ॲडमिशनच्या वेळी रुग्णालाच विचारून ठेवा: ‘तब्येत अचानक बिघडली तर जवळ कोणी असावं असं वाटतं? कोण?’ उत्तर केसपेपरवर लिहा. हे एक वाक्य विचारायला कोणी धजत नाही, आणि पुढच्या अर्ध्या अडचणी त्यामुळेच होतात.

> सावध: कोडमध्ये ‘रिॲक्टिव्ह आहे (म्हणजे एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह), डबल ग्लव्ह घाला’ असं मोठ्याने बोलायची सवय मोडा. एचआयव्हीबाबतची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय उघड करण्याला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि जवळ उभ्या असलेल्या भावाला ती माहिती नसू शकते. प्रत्येक कोडमध्ये सगळ्यांनी सारखीच काळजी घेतली तर हे बोलायची गरजच उरत नाही.

## टप्पा ५: तालीम

मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) मॉक कोड घ्या आणि नातेवाईकाच्या भूमिकेत स्टाफपैकीच एकाला उभं करा. तीन प्रसंग घ्या: गप्प थिजून उभी असलेली पत्नी, सतत प्रश्न विचारणारा मुलगा, आणि पेशंटच्या अंगावर झेपावणारी आई. प्रत्येक प्रसंग दहा मिनिटांचा.

बघायचं काय? छाती दाबण्याची गती मिनिटाला १००–१२० आणि खोली ५–६ सेंटिमीटर टिकते का. नातेवाईक आत आल्यावर दाबणं थांबतं का (थांबा १० सेकंदांच्या आत हवा). टीम लीडरचा आवाज दबतो का. आवाज दबणं ही मोठी अडचण आहे. नातेवाईकासमोर मोठ्याने बोलायला संकोच वाटतो आणि ‘ॲड्रिनॅलिन दिलं’ हे वाक्य नोंद करणाऱ्यापर्यंत पोचत नाही. लीडरला तालमीतच सांगा: सूचना मोठ्यानेच द्यायच्या, फक्त चिडून नाही.

दुसरी गोष्ट, शिकाऊ हातांची. नातेवाईक आत असताना श्वासनलिकेत नळी घालण्याचा पहिला प्रयत्न अनुभवी माणसाने करावा. खरं तर कोणी बघत नसतानाही तसंच असावं.

> तपासा: तीनही पाळ्यांतल्या लोकांनी किमान एक तालीम केली? गार्डने केली? नसेल तर दार उघडू नका.

## टप्पा ६: प्रत्यक्ष कोड

६.१ पहिली दोन मिनिटं. सीपीआर सुरू करा, भूमिका वाटा. नातेवाईक आधीच पेशंटजवळ असेल तर त्याला ओढून काढू नका. ‘काकू, जरा पायाकडे या, आम्हाला काम करू द्या’ एवढं पुरतं. लीडरने विचारायचं, ‘सोबती कोण?’ उत्तर आलंच पाहिजे.

१०८ ॲम्ब्युलन्समधून आलेल्या पेशंटचा नातेवाईक अनेकदा सगळी वाट गाडीत बसून बघत आलेला असतो. कॅज्युअल्टीच्या दारात त्यालाच अडवलं जातं. अशा वेळी सोबतीने गाडीच्या दाराशी जायचं.

६.२ दोन ते चार मिनिटं: बाहेर. सोबती नाव सांगतो आणि निवड देतो. आग्रह करत नाही, परावृत्तही करत नाही.

‘मी सिस्टर … . तुमच्या बाबांचं हृदय थांबलंय. डॉक्टर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करताहेत. तुमच्यापैकी एकाला जवळ थांबायचं असेल तर मी सोबत येते. नको वाटत असेल तर तेही बरोबरच आहे, मी इथे येऊन सांगत राहीन.’

‘बघवणार नाही तुम्हाला’ हे वाक्य वर्ज्य. ते ऐकल्यावर माणूस मागे सरतो आणि मग कायम स्वतःला दोष देत राहतो. उलट थोरल्या मुलाने आत गेलंच पाहिजे असा घरच्यांचा दबाव असेल, तर सोबतीने त्याला बाजूला घेऊन एकट्याला विचारायचं.

गावाकडून जीप भरून माणसं आलेली असतील तर आत जाणारा एक आणि बाहेर निरोप घेणारा एक, असे दोघे त्यांनाच निवडू द्या. जमावाशी बोलणं सोबतीचं काम नाही. त्यासाठी दुसरा माणूस गार्डसोबत उभा करा.

६.३ आत येणं. लीडरची परवानगी घ्या. हृदयाचा ताल तपासताना, शॉकच्या वेळी किंवा नळी घालताना आत नेऊ नका. दाबणं पुन्हा सुरू झालं की न्या. सोबतीने मोठ्याने सांगायचं, ‘पेशंटची मुलगी आत येतेय.’ त्याने सगळ्यांच्या जिभेला वेळेवर लगाम बसतो.

६.४ आत असताना. सोबती नातेवाईक आणि बेड यांच्या मधल्या कोनात, हात पोचेल इतका जवळ. दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा बदलतो आणि ताल तपासला जातो, तेव्हा एक वाक्य सांगायचं: ‘आता तपासलं, अजून सुरू झालेलं नाही, पुन्हा दाबताहेत.’ सलग बोलत राहू नका. ॲड्रिनॅलिन दर ३–५ मिनिटांनी दिलं जातं. ‘हृदयाचं औषध दिलं’ एवढं पुरे. ‘होईल, होईल’ अशी आशा लावू नका.

पायाला किंवा हाताला स्पर्श लीडरने होकार दिल्यावर. शॉकच्या आधी ‘सगळे बाजूला’ म्हटलं जातं तेव्हा सोबतीने नातेवाईकाचा हात स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. तोंडी सूचना त्या क्षणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तुळशीपत्र, गंगाजल, झमझमचं पाणी तोंडात घालायची विनंती येईल. सीपीआर चालू असताना तोंडात काहीही नाही, ते फुप्फुसात जातं. ‘हे आत्ता जवळ ठेवा, वेळ आली तर मीच तुम्हाला सांगेन’ असं सांगा आणि शब्द पाळा. नामस्मरण किंवा कलमा म्हणायला अडचण नाही, पायाकडे उभं राहून म्हणता येतं.

लहान मुलाच्या बाबतीत आईला किंवा वडिलांना विचारणं टाळू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बालकांसाठीच्या २०२० च्या सूचनांतही शक्य तेव्हा ही संधी द्यावी असंच म्हटलं आहे.

> तपासा: नातेवाईक बाहेर गेला की सोबतीही त्याच्याबरोबर बाहेर गेला का? कॉरिडॉरमध्ये एकटा सोडलेला माणूस म्हणजे अर्धवट केलेलं काम.

## टप्पा ७: थांबण्याचा निर्णय आणि मृत्यू सांगणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

७.१ ‘थांबवू का?’ असं नातेवाईकाला विचारू नका. निर्णय वैद्यकीय आहे आणि तो लीडरचा आहे. हा प्रश्न विचारला की मुलीने आयुष्यभर ‘मीच हो म्हटलं’ हे ओझं वाहायचं. नातेवाईक उभा आहे म्हणून सीपीआर उगाच लांबवूही नका.

७.२ एक फेरी आधी सांगा. लीडरने नातेवाईकाकडे वळून, जमलं तर दोन पावलं जवळ येऊन: ‘ताई, आम्ही अर्धा तास प्रयत्न करतोय. हृदय सुरू होत नाहीये. आता शेवटचं एकदा तपासणार आहोत. नाहीच झालं तर थांबणार आहोत.’ पुढची दोन मिनिटं त्या माणसाला मिळतात. काही बोलायचं असेल तर तेव्हा.

७.३ यंत्रं आधी, शब्द नंतर. नाडी नसतानाही मॉनिटरवर रेषा वरखाली होत राहू शकते. म्हणून ‘रेषा सरळ झाली’ हा पुरावा सांगू नका. ‘हृदयाची धडधड नाही, नाडी नाही’ असं सांगा. व्हेंटिलेटर किंवा अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) थांबवा, अलार्म बंद करा, नाडी, श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासा, आणि मगच बोला. छाती यंत्राने हलत असताना मृत्यू सांगितला तर कोणीही विश्वास ठेवणार नाही. सरळ रेषेचा ईसीजी काढून फाइलला लावाल तेव्हा नातेवाईकाने मागितला तर दाखवा.

७.४ शब्द. ‘एक्स्पायर झाले’, ‘सॉरी’, ‘हाताबाहेर गेलं’ यांतून अर्थ पोचत नाही. ‘तुमच्या बाबांचा मृत्यू झाला आहे’ असं एकदा स्पष्ट म्हणा आणि गप्प राहा. पुढचा शब्द त्यांचा.

७.५ लगेच नंतर. आता तुळशीपत्र, पाणी. नळी तोंडात असेल तर ओठांना बोटाने पाणी लावता येतं. मेडिकोलीगल केस (पोलिसांना कळवावं लागतं असं प्रकरण) असेल तर नळ्या तशाच ठेवाव्या लागतात आणि शवविच्छेदन होणार, हे पोलीस येण्याआधी सोबतीने सांगायचं. कपाळावरचं रक्त पुसायलाही आधी डॉक्टरला विचारायचं.

हृदय सुरू झालं तर? तेव्हाही सोबती लागतो. ‘वाचले!’ असं समजून बाहेर फोन सुरू होतात. ‘हृदय सुरू झालंय, पण पुढचे काही तास धोक्याचे आहेत, मेंदूवर किती परिणाम झालाय ते आत्ता सांगता येत नाही’ हे त्याच जागी सांगा.

## टप्पा ८: नोंद, स्टाफची बैठक, फेरमोजणी

कोड शीटवर पाच गोष्टी वाढवा: विचारलं का, नातेवाईकाचं उत्तर, आत आलेल्याचं नातं, आत आल्याची आणि गेल्याची वेळ, सोबतीचं नाव. विचारलं नसेल तर कारण. ‘गडबड होती’ हे कारण स्वीकारू नका. ‘सोबती उपलब्ध नव्हता’ असं लिहिलं गेलं तर ड्युटी लिस्ट दुरुस्त करता येते.

कोडनंतर दहा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं, मावशी आणि गार्डसह. तीनच प्रश्न: काम कुठे अडलं, सोबतीला काय जड गेलं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. सोबती बहुतेकदा सगळ्यात जास्त थकलेला असतो, कारण इतर सगळे हाताने काम करत असतात आणि तो समोरच्याचं दुःख जवळून बघत असतो. त्याला पुढचा एक तास दुसरा कोड किंवा नवी ॲडमिशन देऊ नका.

सहा महिन्यांनी टप्पा १ चं तेच पत्रक, त्याच शब्दांत, पुन्हा भरून घ्या. एकही शब्द बदलला तर तुलना करता येत नाही. ‘मला बोलायला जमेल’ या विधानाचे गुण वाढले आणि मारहाणीची भीती तशीच राहिली, असं दिसू शकतं. म्हणजे प्रशिक्षण लागू पडलं, पण दाराची व्यवस्था अजून कच्ची आहे. मग पुढचा खर्च गार्डवर आणि बाहेरच्या माणसावर करा. उलट झालं असेल तर तालमी वाढवा. कोड शीटमध्ये रात्रपाळीच्या नोंदी कोऱ्या दिसत असतील तर या दोन्हींच्या आधी रात्रीच्या सोबतीचा प्रश्न घ्या.